मासे कुणीकडे बघत होते

१

परसातल्या गवतावरचं गोठलेलं दव विरघळलं, की नोलीन बुकानन घराबाहेर पडायची. त्याआधी ओढ्यावर जाण्यात अर्थ नसे. ऊन तिरपं असायचं, पाणी आरशासारखं चमकायचं आणि आतलं काही म्हणता काही दिसायचं नाही. दक्षिण गोलार्धातल्या त्या खोऱ्यात जून म्हणजे ऐन हिवाळा, त्यामुळे दहा वाजून जायचे. मग गमबूट, लोकरीची टोपी, गुडघ्यांखाली घ्यायला रबराचा तुकडा आणि गळ्यात कॅमेरा असा सरंजाम घेऊन ती हॅगर्टच्या ओढ्याकाठी चालायला लागायची.

एकतीस वर्षं तिने त्या खोऱ्यात टपाल वाटलं होतं. निवृत्तीनंतर पाय घरात ठरेनात, तेव्हा तिने माशांचा नाद धरला. गळ टाकणारे खोऱ्यात पुष्कळ होते. मासा पकडायचा नाही, नुसता बघायचा आणि त्याचा फोटो घेऊन घरी यायचं, हा उद्योग करणारी ती एकटीच. ओढ्याच्या मुखाशी राहणारा हेनारे तिला दिसला की हटकून विचारायचा, "काय गं, फोटो तळून खाता येतो का?"

हिवाळ्यात पाणी उतरलेलं आणि नितळ असे. भिंगावर काळसर काच चढवली की वरची चकाकी निघून जायची आणि डोह खिडकीसारखा उघडायचा. दगडांवर पोट टेकून बसलेले बोटभर लांबीचे बुली मासे, डोहाच्या मध्यभागी हातभर ट्राउट, काठच्या विलोच्या झाडाच्या मुळांतून डोकं बाहेर काढून बसलेली एखादी जुनी वाम. नोलीन त्यांना ओळखायची. कुणाच्या शेपटीला खाच होती, कुणाच्या डोळ्यामागे डाग.

दुपारी ती घरी आली की कॉलिनचं काम सुरू व्हायचं. कॉलिन तिचा नवरा, वय एकाहत्तर. उभा जन्म रस्ते खात्यात मोजणी करण्यात गेला. दोन वर्षांपूर्वी त्याचा खुबा बदलला, पण तो काही धड बसला नाही. काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत जायचा आणि तिथूनच परतायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो तिचे फोटो संगणकावर लावायचा, डोहाचं नाव आणि तारीख घालायचा, आणि ओव्हनमध्ये चीज रोल भाजत ठेवायचा. लोणी लावलेल्या पावाचा वास, खिडकीवर साचलेली वाफ, शेजारी चहा. दोघांचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे खरोखरच बरं. नोलीनला तर कधीकधी वाटायचं, की टपालाच्या गाडीत घालवलेली वर्षं म्हणजे या दुपारींची नुसती तयारी होती.

जूनच्या मध्यावर एका दुपारी कॉलिन म्हणाला, "नोल, हा फोटो तू पाण्यात पडून काढलास का?"

"का?"

"पाणवनस्पती एकीकडे आणि मासे भलतीकडे."

तिने चष्मा लावून पाहिलं. विलोखालचा दुसरा डोह. तळाच्या हिरव्या दोऱ्या धारेबरोबर डावीकडे ताणलेल्या होत्या. म्हणजे पाणी उजवीकडून येत होतं आणि माशांची तोंडं उजवीकडे हवीत. वाहत्या पाण्यातला मासा धारेला तोंड देऊन उभा राहतो, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. फोटोतले तिन्ही ट्राउट धारेला आडवे उभे होते. दगडावरचे बुलीही आडवे. मुळांतल्या वामेनेसुद्धा मान तिकडेच वळवली होती.

"वळत असतील," नोलीन म्हणाली.

"सहा फोटो आहेत. दहा मिनिटांच्या अंतराने."

२

दुसऱ्या दिवशी ती सरळ विलोच्या डोहावर गेली आणि रबर टाकून गुडघ्यांवर बसली.

मासे तसेच उभे होते. फोटोत न कळलेली एक गोष्ट आता तिला दिसली. ते कष्टाने उभे होते. धारेला आडवं राहणं म्हणजे वाऱ्यात छत्री आडवी धरणं. पाणी त्यांना कुशीवर ढकलत होतं, ते वाहवत खाली जात, पर मारत पुन्हा जागेवर येत आणि पुन्हा तोंड तिकडेच करत. उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला. हिवाळ्यात मासा अंगातली ताकद जपतो, उगाच शेपटीसुद्धा हलवत नाही. हे तिघे दिवसभर पाण्याशी झुंजत होते, आणि ते कशासाठी, तर एका दिशेला बघायला मिळावं म्हणून.

नोलीनने कारणं शोधली. काठातून एखादा उबदार झरा येत असेल. तिने थर्मामीटर दोरीला बांधून चार ठिकाणी बुडवला. चारही ठिकाणी सहा अंश. काठावर बगळा असेल. बगळा असता तर मासे दडले असते. शेवटी तिने एक दगड उचलून मधोमध टाकला. मासे फुटून पळाले. ती वाट बघत राहिली. पाच मिनिटांनी खाच असलेला ट्राउट आला, मग डागवाला, मग तिसरा. आले तसे एकेक करून आडवे झाले, आणि पुन्हा तिकडेच बघायला लागले.

तिने मान वर करून त्या दिशेला पाहिलं. कुरण, त्यापलीकडे टेकडी, टेकडीवर काळपट हिरवं रान. मेंढ्याही नव्हत्या तिकडे.

३

"होकायंत्र घेऊन जा," कॉलिन म्हणाला. "तिन्ही डोहांवर माशांची दिशा लिहून आण. अंशांत."

"आणि मग?"

"मग मी बघतो."

तिने तीन आकडे आणले. कॉलिनने माळ्यावरचा खोऱ्याचा जुना नकाशा तिला काढायला लावला, टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर कप ठेवले. पट्टी, अणकुचीदार पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा. पुलाखालच्या पहिल्या डोहातून एक रेघ, विलोच्या दुसऱ्या डोहातून एक, कड्याखालच्या तिसऱ्यातून एक. तिन्ही रेघा टेकडीवरच्या रानात एका बिंदूला मिळाल्या. बिंदू इतका नेमका होता, की कॉलिनने पेन्सिल उचलून पुन्हा मोजलं.

"काय आहे तिथे?" नोलीनने विचारलं.

"काही नाही. घर नाही, रस्ता नाही. एकोणऐंशी साली मी ते रान मोजलंय. नेची आणि चिखल."

तो हसत होता. दोन वर्षांत त्याला पहिल्यांदा खात्यातल्यासारखं काम मिळालं होतं. नोलीनलाही त्याच्याकडे बघून बरं वाटलं. इतकं, की त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आठवड्याने तिने पुन्हा आकडे आणले, आणि रेघा दुसरीकडे मिळाल्या. बिंदू रानातून उतरून ओढ्याच्या उगमाशी आला होता. मग ती रोज आकडे आणायला लागली, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बिंदू आणखी खाली आला. कॉलिन प्रत्येक बिंदूला तारीख घालत होता. महिनाअखेर त्याने ते सगळे पेन्सिलीने जोडले आणि पट्टी बाजूला सारली.

"काय झालं?"

"ते ओढ्याच्या काठाने येतंय. आणि काठावर सगळीकडे सारखं चालत नाही. इथे तीन दिवस थांबलं, इथे दोन. जिथे जिथे पाणी खोल आहे तिथे थांबतं, आणि मग पुढे निघतं." त्याने चष्मा काढला. "तू थांबतेस तसं."

ओव्हनचा काटा टिकटिकत होता. नोलीन म्हणाली, "रोल बघ, करपतील."

४

शहाण्या माणसाने तिथेच नाद सोडला असता, आणि नोलीन शहाणी होती. पण रोज सकाळी दव विरघळलं की तिचे पाय आपोआप गमबुटांत शिरत. शिवाय तिचं मन तिला समजवायचं, की रेघा कागदावर मिळतात, जमिनीवर नाही. चार अंशांची चूक झाली तर बिंदू शंभर पावलं हलतो. आणि मासे म्हणजे मासे. त्यांचं काय मनावर घ्यायचं?

ऑगस्टच्या सुरुवातीला ती विलोच्या डोहाशी पोहोचली. आकाश निळं होतं, वारा नव्हता. वाटेत एक छोटा पंखा-शेपट्या पक्षी तिच्या मागेमागे किडे टिपत येत होता; तो विलोच्या अलीकडे थांबला आणि परत गेला. तिने रबर टाकलं, गुडघे टेकले, भिंगातून पाहिलं.

सगळे मासे तिच्याच काठाकडे बघत होते. तिच्याकडे नव्हे. तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर.

ट्राउट इतके जवळ आले होते, की त्यांचे कल्ले उघडझाप करताना दिसत होते. ते वाळले होते. पाठीचा कणा वर आला होता. बुली तर उथळ पाण्यात येऊन ओळीने बसले होते, जणू शाळेत गुरुजी वर्गात आलेत. वाम मुळांतून अर्धी बाहेर आली होती.

नोलीनने कॅमेरा हळूच खाली घेतला. मान वळवायची नाही असं तिने ठरवलं होतं, तरी डोळे वळलेच. तिथे काही नव्हतं. गवत होतं. बाकी सगळ्या गवतावरचं दव विरघळून चमकत होतं, आणि एवढ्याच जागेतलं गवत दबून जमिनीला चिकटलं होतं. दोन गोल खळगे, शेजारी शेजारी. कुणी गुडघे टेकले की पडतात तसे.

हे माझेच, कालचे, असं ती स्वतःशी म्हणाली. काल ती पुलावरूनच परतली होती, हे तिला मागाहून आठवलं.

ती उठली. पळाली नाही, त्या वयात पळणं म्हणजे पडणं. रबराचा तुकडा तिथेच राहिला. घरी आल्यावर तिने कॉलिनला सगळं सांगितलं, खळग्यांसकट. त्याने तिच्यासाठी चहात दोन चमचे साखर जास्त घातली आणि म्हणाला, "आता तिकडे जाऊ नकोस."

"मग ते कुठवर आलंय हे कसं कळणार?"



५

सप्टेंबर उजाडला, पाणी किंचित उबदार झालं आणि व्हाइटबेटचा हंगाम सुरू झाला. समुद्रातून ओढ्यात चढणारी ही माशांची पिल्लं काडीएवढी, काचेसारखी पारदर्शक; आत फक्त दोन काळे डोळे दिसतात. खोऱ्यातली माणसं त्यांच्यासाठी वर्षभर जीव टाकतात. अंड्यात घालून तव्यावर टाकायची, वर मीठ, की झालं. ज्याची त्याची जाळं लावायची जागा ठरलेली. हेनारेची जागा ओढ्याच्या शेवटच्या वळणावर होती, त्याच्या आजोबांपासून. हंगामात तो तिथून हलायचा नाही. एकदा त्याच्या सख्ख्या पुतणीचं लग्न होतं, तर जेवायला गमबुटांत आला होता.

दुसऱ्या आठवड्यात तो नोलीनच्या दारात आला, हातात रिकामी बादली.

"जागा सोडली मी," तो म्हणाला.

"हंगामात? बरा आहेस ना?"

"तू चल आणि बघ. कॅमेरा आण."

दोघं कुरणातून वळणावर गेली. पाण्यात व्हाइटबेट होती. इतकी, की तळ दिसत नव्हता. वर्षानुवर्षं कुणी पाहिली नसतील एवढी. हातात चाळणी असती तर पोरानेसुद्धा बादली भरली असती. पण ती वर चढत नव्हती. हजारो काचेच्या काड्या एका जागी थरथरत, धारेला आडव्या, सगळी काळ्या डोळ्यांची टोकं पश्चिमेकडे. कुरणाच्या बांधाकडे.

"तीन दिवस अशीच," हेनारे म्हणाला. "पहिल्या दिवशी दोन बादल्या काढल्या. घरी तव्यावर टाकायला गेलो, आणि बादलीतसुद्धा ती तशीच. सगळी एकीकडे. बादली फिरवली, तर ती आतल्या आत फिरली. मी आणून सोडून दिली परत."

नोलीनने घसा साफ केला. "हेनारे, तुमच्यात, इथल्या मूळच्या लोकांत, असं काही... म्हणजे जुन्या लोकांनी काही सांगितलेलं..."

तो तिच्याकडे बघून हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवला गं मी. तुला काय वाटतं, प्रत्येक गोष्टीला माझ्या खिशात एक गोष्ट आहे? आजोबा सांगायचे, पाणी थंड असलं तर दोन मोजे घाल. बस्स." मग थोडं थांबून म्हणाला, "कॉलिनला घेऊन काही दिवस पोरीकडे जा. तुमच्या मेंढ्या मी बघतो."

"का?"

त्याने हात वर करून बांधाकडे दाखवलं. बांधाच्या त्या जागी एक लाकडी पायरी होती. नोलीन रोज तिथूनच ओढा सोडायची आणि कुरणातून घराकडे वळायची.

६

"मासळीच्या सांगण्यावरून मी घर सोडू?" कॉलिन म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय ते म्हणू देत. मॉराला फोन करते. ती शनिवारी येईल, गाडीत बसू, इन्व्हरकार्गिलला आठवडाभर राहू."

"मॉराच्या त्या पलंगावर माझा खुबा आठवडाभरात निकामी होईल."

"तुझा खुबा आत्ताही निकामीच आहे, कॉलिन."

हे तिने बोलायला नको होतं.  नकाशा टेबलावर तसाच होता. ताजी रेघ वळणावरून निघून बांध ओलांडत होती आणि त्यांच्या घराच्या छोट्या काळ्या चौकोनातून आरपार जात होती. त्याने त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे घर मी बांधलंय," तो शांतपणे म्हणाला. "व्हरांड्याची एकेक फळी. मला इथून उचलून नेलं ना नोल, तर मी परत यायचा नाही. मॉरा म्हणेल, बाबा आता इथेच राहा. तूही म्हणशील. खरं सांग."

नोलीनने खरं सांगितलं नाही, म्हणजेच सांगितलं.

"शिवाय," तो म्हणाला, "तीन महिने चालतंय ते. कुणाला काही केलंय? मासे बघतं आणि पुढे जातं. तुझ्यासारखं निरुपद्रवी काहीतरी असेल."

तिला हसू आलं. त्या हसण्यातच तिने हार मानली. पुढे अनेकदा तिच्या मनात आलं, की त्या घटकेला आपण हसलो नसतो तर.

७

शुक्रवारी सकाळी तिने वळणावरून पाच व्हाइटबेट घरी आणली होती. फोटोसाठी तिच्याकडे पुस्तकाएवढी काचेची चपटी पेटी होती. ती खिडकीशी पांढऱ्या कागदापुढे ठेवली की पिल्लांचे बारीक ठिपकेही उमटायचे. फोटो काढून दुपारी सोडून यायचं, हा नेहमीचा क्रम. पण अकरा वाजता पाऊस आला आणि असा बसला, की कुरणात पाणी साचलं. पेटी स्वयंपाकघरातच राहिली.

तीन वाजता कॉलिन टेबलाशी शब्दकोडं सोडवत होता. ओव्हनमध्ये रोल होते. नोलीन भांडी पुसत होती. पुसता पुसता तिचं लक्ष पेटीकडे गेलं. पाचही पिल्लं काचेला नाक लावून परसदाराकडे बघत होती.

तिने फडकं ठेवलं आणि पेटी अर्धी फिरवली. पिल्लं आतल्या आत वळली. पुन्हा परसदार.

"कॉलिन."

त्याने वर पाहिलं, पेटी पाहिली, आणि पेन्सिल खाली ठेवली.

बाहेर व्हरांड्याच्या फळ्या वाजल्या. पावसात त्या वाजतातच, लाकूड फुगतं. पिल्लं सावकाश डावीकडे सरकली, घड्याळाच्या काट्यासारखी, सगळी मिळून. आता ती कपडे धुण्याच्या खोलीकडे बघत होती. मग तिच्या पलीकडच्या बोळाकडे. बोळात काही आवाज नव्हता. तिथे मॉराचे शाळेतले फोटो आणि कॉलिनच्या आईचं घड्याळ होतं, आणि पिल्लं त्या प्रत्येकापाशी थोडी थांबत होती. बैठकीच्या खोलीपाशी जास्त वेळ.  नोलीन मनातल्या मनात म्हणत होती, काचेत उजेड बदलतोय, उजेडामुळे वळतात, ढगांमुळे.

पिल्लं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दार उघडंच होतं. चौकट रिकामी होती.

"नोल," कॉलिन हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. पेटीकडे बघ. कुठे आहे सांग."

"टेबलाकडे येतंय."

"बरं."

"तुझ्या डाव्या अंगाला."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. त्याचा हात टेबलावर होता. काठी धरायला तो जराही हलला नाही. चीज करपल्याचा वास यायला लागला.

पिल्लं थांबली. नोलीन खाली वाकली आणि पेटीच्या दोन काचांमधून, पाण्यातून, पिल्लं जिकडे बघत होती तिकडे तिने पाहिलं.

पाण्यातून खोली वाकडी आणि हिरवट दिसत होती. टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीत कॉलिन. आणि कॉलिनच्या समोर, अगदी जवळ, कुणीतरी वाकलेलं होतं. पाठ तिच्याकडे. ओली, लांब पाठ. हात गुडघ्यांवर टेकलेले. ते कॉलिनच्या तोंडात डोकावत होतं, खोल डोहात डोकावावं तसं. संथपणे, तळ दिसेपर्यंत.

तिने डोकं वर केलं. पेटीच्या वरून फक्त कॉलिन दिसत होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो एक मोठा श्वास आत घेत होता. फार मोठा.

मग त्याने डोळे उघडले. "रोल," तो म्हणाला, "कोळसा झाले असतील."

नोलीनने हातातलं फडकं पेटीवर टाकलं. पिल्लं आता कुणीकडे बघतायत, हे तिला बघायचं नव्हतं.

८

सकाळी तिने फडक्यासकट पेटी नेली, डोळे मिटून वळणावर रिकामी केली आणि परत आली. त्याच दुपारी हेनारे सांगत आला, की व्हाइटबेट चढायला लागली. त्याने जाळं पुन्हा लावलं होतं. रात्री चार-पाच जण जमले, हेनारेच्या बायकोने अंड्यात घालून तवाभर केली, आणि कॉलिनने चार वेळा वाढून घेतली.

ऑक्टोबर लागला. कोवाईची झाडं पिवळीजर्द फुलली, तुई पक्षी मध पिऊन झिंगल्यासारखे ओरडायला लागले. कॉलिन काठी घेऊन बांधापर्यंत गेला. दुसऱ्या आठवड्यात बांधावरच्या पायरीवर चढला. तिसऱ्यात काठी घरी विसरला. मॉरा फोनवर रडली. "आई, हा चमत्कार आहे," ती म्हणाली. नोलीन म्हणाली, "हो ना."

तो तोच होता. तिने परीक्षा घेतली होती, न सांगता, स्वयंपाक करता करता. पहिल्या भाड्याच्या घराचा रंग कोणता, मॉराला गोवर आला तेव्हा डॉक्टर कोण होता, तिच्या वडिलांनी त्याला कसली शिवी दिली होती. त्याने सगळं बरोबर सांगितलं आणि शिवी वडिलांच्याच आवाजात म्हणून दाखवली, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कधी म्हणायचा, "कड्याखालच्या डोहाशी तो कलता दगड आहे ना, तिथे जपून, शेवाळ आहे." त्या डोहावर तो दोन वर्षांत गेला नव्हता. पण तिनेच कधीतरी बोलण्यात सांगितलं असेल. तिचे फोटो तर तोच लावायचा.

ती पुन्हा ओढ्यावर जायला लागली. होकायंत्र नेत नव्हती. त्याची गरजही नव्हती. तिन्ही डोहांवर मासे कुणीकडे बघतात हे नुसतं बघून कळायचं. ते तिच्या घराकडे बघत होते. एका मंगळवारी मॉरा येऊन कॉलिनला इन्व्हरकार्गिलला डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेली. त्या दिवशी कड्याखालच्या डोहातले सगळे मासे शहराच्या रस्त्याकडे बघत होते. संध्याकाळी ती मुद्दाम पुन्हा गेली. गाडी परत येत होती, आणि मासे वळत होते. सावकाश, काट्यासारखे.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. फोटो काढायची, आणि घरी पोहोचण्याआधी पुसून टाकायची. कॉलिनला दाखवायला ती गेल्या वर्षीचे काढून ठेवायची. सांगायचं तरी काय? डॉक्टर खूश होते. रात्री त्याचा पाय दुखत नव्हता. सकाळी तो शीळ घालत चहा करत होता. तिला सुख म्हणजे जे हवं होतं, ते टेबलापलीकडे बसून शब्दकोडं सोडवत होतं.

महिन्याच्या शेवटी, एका उबदार सकाळी, तो म्हणाला, "आज मी पण येतो."

दोघं पुलापर्यंत गेली. तो काठावर तिच्या मागे उभा राहिला. ऊन पाण्यावर लकलकत होतं. नुसत्या डोळ्यांना आतलं काही दिसत नव्हतं. तिने गुडघे टेकले आणि भिंगातून पाहिलं.

खूप होते. वर चढलेली पिल्लं, बुली, एक मोठा ट्राउट, जो तिने आधी कधी पाहिला नव्हता. सगळे उथळात आले होते आणि तिच्या खांद्यावरून मागे, वर बघत होते. कॉलिनने एक पाऊल डावीकडे टाकलं. ते डावीकडे वळले. त्याने वजन दुसऱ्या पायावर घेतलं, आणि ते तेवढेच परत फिरले.

"दिसतायत का?" त्याने विचारलं.

"दिसतायत."

"कुणीकडे बघतायत?"

प्रश्न सहज विचारलेला होता. त्याच्या आवाजात काही नव्हतं, थोडी उत्सुकता सोडली तर. नोलीनने भिंगावरून डोळा काढला नाही. तिने एकेक मासा नीट पाहिला, एकतीस वर्षं पाकिटांवरची नावं वाचायची तितक्या काळजीने.

"वरच्या बाजूला," ती म्हणाली. "धारेकडे. बघायला हवं तसंच."

"छान," कॉलिन म्हणाला, आणि तिला उठवायला हात पुढे केला.

तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग तो धरला. पकड घट्ट होती, दोन वर्षांत नव्हती इतकी, आणि हात कोरडा होता, उबदार होता. तिने तो घरापर्यंत सोडला नाही.